एन्क्रिप्टेड आहे म्हणता, पण किल्ली कुणाकडे आहे?

प्रश्न आलाय अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदारांकडून. मुंबईचा एक्सपोर्टर त्यांना म्हणतो, डिझाइन आणि दरपत्रक एन्क्रिप्ट करून पाठवत जा. मुलगा म्हणतो, व्हॉट्सअ‍ॅप एन्क्रिप्टेडच असतं, वेगळं काही करायला नको. ऑफिसचे संगणक बघणारा पोरगा म्हणतो, लॅपटॉपला बिटलॉकर, म्हणजे अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणारी विंडोजमधली सोय, लावून टाकू. "एन्क्रिप्शन म्हणजे नेमकं काय, यात खरं किती, आणि आमच्यासारख्यांनी रोजच्या कामात काय करायचं?" असं ते विचारतात.

तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. सोलापुरातल्या दुकानांचे, कारखान्यांचे आणि सीएंच्या ऑफिसांचे संगणक सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली. एन्क्रिप्शनचं गणित फोडून कुणी आत शिरलं, असं प्रकरण माझ्यासमोर कधी आलं नाही. किल्ली भलत्याच्या हातात पडली, किंवा मालकाकडेच उरली नाही, अशी मात्र ढिगाने आली. म्हणून 'हे एन्क्रिप्टेड आहे' असं कुणीही म्हणालं की मी एवढंच विचारतो: किल्ली कुणाकडे?

आधी मुळातली गोष्ट. तुमच्याच धंद्यातलं बघा. मागावर नक्षी ठरवणारी जॅकार्डची पंच केलेली कार्डं नवख्या माणसाने पाहिली तर त्याला नुसती भोकं दिसतात. म्हणून डिझाइन गुप्त झालं का? तीच कार्डं दुसऱ्याच्या मागावर चढवली की तीच चादर उतरते. माहिती वेगळ्या रूपात मांडली, एवढंच तिथे झालं. एन्क्रिप्शन कधी म्हणायचं? कार्डं चोराकडे आहेत, तसाच माग आहे, हाताखाली कसलेला मास्तर आहे, आणि तरीही एक संख्या माहीत नसल्यामुळे मागावरून नुसता गोंधळ विणून निघतोय, तेव्हा. ती संख्या म्हणजे किल्ली.

आकड्यांत करून बघू. टॉवेलचा दर १८५ रुपये कळवायचाय, आणि तुमच्यात नि एक्सपोर्टरमध्ये ७२९ ही संख्या आधीच ठरलीय. एकेका आकड्यात एकेक मिळवा आणि हातचा सोडून द्या. १ नि ७ आठ; ८ नि २ दहा, म्हणून शून्य; ५ नि ९ चौदा, म्हणून चार. निरोप गेला ८०४. मधल्या माणसाला ८०४ वरून काहीच कळत नाही, कारण किल्ली बदलली की त्यातून ००० ते ९९९ मधला कुठलाही दर काढता येतो. किल्ली निव्वळ चिठ्ठ्या टाकून निवडलेली असेल, निरोपाइतकी लांब असेल आणि एकदाच वापरली असेल, तर ही पद्धत फुटतच नाही. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाचा तसा सिद्धांत १९४९ साली प्रसिद्ध झाला. पण दुसऱ्या दिवशीचा १९२ हा दर आळसाने त्याच किल्लीतून पाठवला की ८११ जातो. आता ८०४ आणि ८११ शेजारी ठेवा. शेकड्याचा आकडा हलला नाही हे किल्लीशिवाय दिसलं, आणि दर थोडासाच सरकला असणार हा अंदाजही बांधता आला. पद्धत चांगली होती, किल्ली दुसऱ्यांदा वापरली आणि घात झाला.

दर निरोपाला नवी लांबलचक किल्ली देणं धंद्यात जमणारं नाही. म्हणून आजच्या पद्धती छोटीच किल्ली घेतात आणि तिच्या जोरावर माहिती अनेक फेऱ्यांत घुसळतात. यातली सगळ्यात जास्त वापरातली एईएस. दोन बेल्जियन संशोधकांनी ती तयार केली आणि २००१ मध्ये अमेरिकेने ती मानक म्हणून स्वीकारली. तुमचा फोन, बँकेची वेबसाइट, वायफाय, सगळीकडे बहुधा तीच चालते. तिची सगळ्यात लहान किल्ली १२८ बिटची, म्हणजे शून्य किंवा एक अशा १२८ आकड्यांची. शक्य किल्ल्या सुमारे ३४ वर ३७ शून्यं. सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या तपासणारं यंत्र आणलं तरी सगळ्या तपासायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या कोट्यवधी पट काळ लागेल. हीच लांबी अपुरी असली की काय होतं तेही जगाने पाहिलंय. १९७७ पासून मानक असलेल्या डीईएसची किल्ली ५६ बिटची होती. १९९८ मध्ये मुद्दाम बांधलेल्या एका यंत्राने ती तीन दिवसांच्या आत शोधून काढली.

यात एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. एईएस कशी चालते हे अथपासून इतिपर्यंत जाहीर आहे, कॉलेजची मुलं ती लिहून काढतात. पद्धत शत्रूला माहीत आहे असंच धरून चालावं, गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली, हे ऑगस्ट केर्कहॉफ्स या गुप्तलिपीच्या डच अभ्यासकाने १८८३ मध्येच लिहून ठेवलंय. त्यामुळे सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस "आमचं स्वतःचं सीक्रेट एन्क्रिप्शन आहे, जगात कुणाला माहीत नाही" असं सांगू लागला, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

मग बँकेची आणि तुमची आधी कधी भेटच नाही, तर किल्ली ठरली कुठे? उघड्या तारेवरून पाठवली तर मधला माणूस तीच उचलेल. याची वाट १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन या अमेरिकन संशोधकांनी दाखवली, आणि १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर, एडलमन या तिघांनी आरएसए पद्धत काढली. त्यात किल्ल्यांची जोडी असते. एक सार्वजनिक, ती खुशाल चौकात लावा. दुसरी खासगी, ती घराबाहेर काढायची नाही. सार्वजनिक किल्लीने बंद केलेलं फक्त खासगीने उघडतं. ब्राउझर आणि बँक अशाच गणिताने आपसांत एक तात्पुरती किल्ली ठरवतात आणि पुढचं काम एईएससारख्या वेगवान पद्धतीवर सोपवतात. पत्त्यात एचटीटीपीएस दिसतं तेव्हा हे सगळं पापणी लवायच्या आत झालेलं असतं.

त्या एचटीटीपीएसचा अर्थ मात्र लोक भलताच लावतात. मधला कुणी वाचत नाही, आणि पत्त्यात जे नाव आहे त्याच नावाच्या साइटशी तुम्ही बोलताय, एवढीच त्याची हमी. समोरचा सज्जन आहे असं ते सांगत नाही. एचटीटीपीएससाठी साइटला लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळतं, तसं ते भामट्यालाही मिळतं. बँकेच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे करून काढलेली साइटही पत्त्याशेजारी कुलूप दाखवायची. क्रोमने २०२३ मध्ये ते कुलपाचं चिन्ह काढून टाकलं, कारण लोक त्याला भरवशाचा शिक्का समजत होते. नाव वाचायची सवय लावा. आणि स्टेशनवरच्या फुकट वायफायची जी भीती घातली जाते ती आता बरीच जुनी झाली. एचटीटीपीएस असेल तर पासवर्ड दिसत नाही, तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते मात्र दिसू शकतं.

आता मुलाचं म्हणणं. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१६ पासून माणसामाणसांतला प्रत्येक मेसेज, फोटो आणि कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतो. किल्ल्या दोन टोकांच्या फोनमध्ये तयार होतात, कंपनीकडे नसतात. म्हणून वाटेत तो मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही, हे खरं. कुणाशी आणि केव्हा बोललात ही माहिती मात्र त्यात झाकली जात नाही. टेलिग्रामही तसंच असेल असं धरू नका. तिथे साधी चॅट आणि ग्रुप असे नसतात, त्यासाठी सीक्रेट चॅट वेगळी उघडावी लागते.

पण टोकांचं काय? नवी पेठेत किंवा चाटी गल्लीत कुठल्याही दुकानात जा, काउंटरच्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडंच असतं. मालक जेवायला घरी, आणि गल्ल्यावर बसलेला नवा पोरगा मालकाची प्रत्येक चॅट वाचू शकतो. तोही आता एक टोकच झाला. महिन्यातून एकदा 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून बघा, ओळखीचं नसेल ते काढून टाका. दुसरी गळती बॅकअपची. अँड्रॉइडवर चॅटचा बॅकअप गुगलच्या खात्यात जातो, आणि त्याला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावायची सोय २०२१ पासून असली तरी ती आपण चालू करावी लागते. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप या वाटेने ती सापडेल. चालू करताना पासवर्ड किंवा ६४ अक्षरांची किल्ली घ्यावी लागते. ती हरवली तर बॅकअप गेला म्हणून समजा. कंपनीकडे किल्ली नाही या वाक्याची ही दुसरी बाजू आहे, आणि तिची कुणी जाहिरात करत नाही.

आधारची पीडीएफ आपण झेरॉक्सवाल्याच्या नंबरवर पाठवतो तीही अशीच. वाटेत ती सुरक्षित, पोचल्यावर त्याच्या डाउनलोड फोल्डरमध्ये शेकडो लोकांच्या आधारांबरोबर कायमची मुक्कामाला. 'पासवर्ड आहे की त्याला!' असं लोक म्हणतात. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. तो नियम जगजाहीर आहे आणि नाव तर बऱ्याचदा फाइलवरच असतं. जिथे चालतं तिथे शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार द्या, आणि प्रिंट घेतल्यावर समोर उभं राहून फाइल उडवायला लावा. पाहुण्यासारखं लाजू नका.

एक्सपोर्टरचं म्हणणंही रास्त आहे. ईमेल वाटेत सहसा एन्क्रिप्टेड असतो, पण ईमेल कंपनीच्या सर्व्हरवर त्याची किल्ली कंपनीकडेच असते. तुमच्या किंवा त्यांच्या मेलचा पासवर्ड ज्याच्या हाती लागला त्याला चार वर्षांची सगळी दरपत्रकं एकगठ्ठा मिळतात. म्हणून फाइलच बंद करून पाठवायची. सेव्हन-झिप नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, डिझाइनचा फोल्डर सेव्हन-झेड प्रकारात बांधा, पासवर्ड द्या आणि फाइलींची नावं एन्क्रिप्ट करायच्या पर्यायावर टिक करा. ते केलं नाही तर आतलं डिझाइन उघडणार नाही, पण कुठल्या गिऱ्हाइकासाठी काय बनवताय हे नावांवरून कळेल. झिप प्रकारच हवा असेल तर पद्धत एईएस-२५६ निवडा. झिपची जुनी पद्धत कमकुवत आहे.

एक्सेलमध्ये तर गंमत आहे. 'प्रोटेक्ट शीट' करून लोक निर्धास्त होतात. ते एन्क्रिप्शन नाहीच, खाडाखोड होऊ नये म्हणून घातलेली आडकाठी आहे, आणि ती सहज निघते. खरं एन्क्रिप्शन फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक यात 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' म्हणून आहे. त्याने फाइल उघडतानाच पासवर्ड मागितला जातो.

पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहून पाठवायचा नाही, हे सांगायची वेळ येऊ नये. पण येते, दर आठवड्याला येते. फोनवर सांगा. आणि पासवर्ड धड ठेवा. या शहरात ग्रामदैवताचं नाव आणि पुढे १२३ असे पासवर्ड किती असतील, याची मोजदाद खुद्द सिद्धरामेश्वरांनाही जमणार नाही. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या, धोटा, जांभूळ, पंक्चर, बुधवार, असे काहीही, आणि इंग्रजी अक्षरांत एकापुढे एक लिहा. लक्षात राहतात आणि अंदाजाने सापडत नाहीत. हेच चार मात्र घेऊ नका, ते आता सगळ्यांनी वाचले.

निर्यातीच्या धंद्यात एक फसवणूक सारखी होते, तीही इथेच सांगून टाकतो. ओळखीच्या पत्त्यावरून मेल येतो, जुन्या बिलाचा संदर्भ बरोबर असतो, आणि खाली लिहिलेलं असतं की आमचं बँक खातं बदललंय, या वेळचे पैसे नव्या खात्यावर टाका. सुताच्या एका व्यापाऱ्याने असे पैसे टाकले आणि ते गेले. मेल वाटेत कुणी फोडला नव्हता. समोरच्याच्या मेलबॉक्समध्ये कुणीतरी बरेच दिवस बसून सगळं वाचत होतं. खातं बदलल्याचा निरोप आला की आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे. आणि मेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा, आजच लावा.

यूपीआयबद्दल थोडक्यात. तुमचा पिन टाइप होताक्षणी एन्क्रिप्ट होतो, तिथे चोराला वाव नाही. म्हणूनच तो तुमच्याकडून पिन टाकून घेतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कुणी लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, पाठवली तर ती उघडायची नाही, कारण ती फोनमध्ये बसली की फोनचं टोकच चोराचं होतं. फसलात तर १९३० वर ताबडतोब फोन करा, तास-दोन तासांचा उशीरही महागात पडतो.

आता बिटलॉकर. लावा, पण आधी किल्लीची जागा ठरवा. लॅपटॉप एसटीत राहिला किंवा चोरीला गेला तर डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडूनही काही वाचता येत नाही, हा मोठा फायदा आहे. विंडोजचा पासवर्ड एकटा तेवढं काम करत नाही. डिस्क काढून लावली की सगळं उघडं. अडचण येते ती बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट झाल्यावर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर. निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. मालक म्हणतो, मी तर असं काही लावलंच नव्हतं. खरं असतं ते. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की अनेक मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि किल्ली त्या खात्यात जाते. खातं कुणाचं? लॅपटॉप विकणाऱ्या दुकानातल्या पोराने घाईत बनवलेलं, त्याच्याच नंबरवर, आणि तो पोरगा आता पुण्यात नोकरीला. असे लॅपटॉप घेऊन आलेल्या लोकांना मला हात जोडून परत पाठवावं लागतं, कारण इथे माझं किंवा दुसऱ्या कुणाचंही कौशल्य चालत नाही. आजच खातं कुणाचं आहे ते तपासा, ती की कागदावर छापा आणि कागद तिजोरीत ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही हाच प्रकार आहे. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड लावला की कंपनीचा डेटा एन्क्रिप्ट होतो आणि यादीत कंपनीच्या नावाजागी नुसत्या चांदण्या दिसतात. हा पासवर्ड विसरला तर टॅलीवालेसुद्धा डेटा उघडून देऊ शकत नाहीत. युजरचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा. नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या डोक्यात व्हॉल्टचा पासवर्ड आणि इकडे तोंडावर ३१ मार्च, हे दृश्य मला पुन्हा बघायचं नाहीये.

डिजिटल सहीचं डोंगल तुमच्या सीएंच्या ड्रॉवरमध्ये असेल, आणि त्याला रबरबँडने पिनची चिठ्ठी बांधलेली असेल. बहुतेकांचं असंच असतं. त्या डोंगलमध्ये, म्हणजे टोकनमध्ये, तुमची खासगी किल्ली आहे. ती टोकनच्या बाहेर येत नाही, सही आतच होते. म्हणूनच ज्याच्याकडे टोकन आणि पिन दोन्ही, तो कायद्याच्या नजरेत तुमच्या हाताने सही करतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधलं कलम ४२ खासगी किल्ली ताब्यात ठेवायची काळजी सही असणाऱ्यावरच टाकतं. सीए भला माणूस असतो हो, पण त्याच्या ऑफिसात दर सहा महिन्यांनी आर्टिकलशिपची नवी मुलं येतात. निदान पिन तरी स्वतःकडे ठेवा आणि सहीच्या वेळी टाका.

आणि किल्ली चोराकडेच असली तर? त्याला रॅन्समवेअर म्हणतात. तेच एईएस, तेच आरएसए, फक्त तुमच्या फाइली त्याच्या किल्लीने बंद झालेल्या असतात आणि ती किल्ली द्यायला तो खंडणी मागतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर हाच धुमाकूळ घातला. आपल्याकडे ते शिरतं क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून, नाहीतर घरून टॅली बघता यावं म्हणून इंटरनेटवर उघड्या सोडलेल्या रिमोट डेस्कटॉपमधून. 'डिक्रिप्ट करून देतो' म्हणणाऱ्यांना आगाऊ पैसे देऊ नका. युरोपोल आणि डच पोलिसांच्या पुढाकाराने २०१६ पासून चालणाऱ्या 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर काही जुन्या प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात, तिथे आधी बघा. बाकी प्रकारांना बॅकअप हाच इलाज. तोही संगणकाला कायम टोचून ठेवलेल्या पेनड्राइव्हवरचा कामाचा नाही, कारण पेनड्राइव्हही त्याच झटक्यात बंद होतो.

सरकारला वाचता येतं का, हेही लोक हमखास विचारतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्याच कलम ६९ खाली माहिती उघडून देण्याचा आदेश काढता येतो. पण ज्याच्याकडे किल्लीच नाही तो काय उघडून देणार, असा पेच आहे. मेसेज मुळात कुणी पाठवला हे शोधून देण्याची अट २०२१ च्या नियमांत आली, तिला व्हॉट्सअ‍ॅपने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. माझं मत विचाराल तर फक्त पोलिसांच्याच हातात राहील अशी जादाची किल्ली बनवता येत नाही. बनली की ती आज ना उद्या चोरालाही सापडते.

खर्चाचं म्हणाल तर यातलं जवळजवळ सगळं फुकट आहे. सेव्हन-झिपला पैसे पडत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप एन्क्रिप्ट करायला पडत नाहीत, बिटलॉकर विंडोज प्रोमध्ये येतंच, आणि होममध्येही मशीन नवं असेल तर डिव्हाइस एन्क्रिप्शन मिळतं. पैसे घालायचेच तर असली विंडोज घ्या, आणि दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क. एक या शनिवारी लावायची, दुसरी पुढच्या शनिवारी, आणि जी लावलेली नाही ती कारखान्यात न ठेवता घरी न्यायची. दोन्हींना विंडोज प्रो असलेल्या संगणकावरून बिटलॉकर लावा आणि त्यांच्या की त्याच तिजोरीतल्या कागदावर लिहा. तीनेक महिन्यांनी एकदा त्यातली टॅलीची एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडतेय का तेही बघून घ्या.